आवाज लावून बघा

काल सकाळी दार उघडलं आणि सटकन शिंक आली. मागोमाग शेजारच्या दारातून दुसरी, मग जिन्यावरून तिसरी. मिरच्या आल्या. आमच्या गल्लीत मसाल्याचे दिवस सुरू झालेले कॅलेंडर बघून कळत नाहीत, नाकाला कळतात. गच्चीवर जुन्या साड्या पसरतात, त्यांवर बेडगी आणि संकेश्वरी लालभडक होऊन पडलेली असते. बायका फेर धरून बसल्यासारख्या गोल बसून देठं खुडतात. खाली शेठच्या दुकानात मोठ्या कढईत धणे, बडीशेप, त्रिफळं भाजली जातात आणि मग डंक सुरू होतो.

डंक म्हणजे मसाला कुटायचं यंत्र. लोखंडाची मुसळं एकापाठोपाठ वर जातात आणि खाली आपटतात. आमची खोली बरोबर त्याच्या डोक्यावर आहे. लग्न होऊन मी कोकणातून लालबागला आले ती ह्याच दिवसांत. पहिल्या सकाळी पातेल्यातलं पाणी थरथरताना बघून मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "घर नाय गो हलत. शेठचो धंदो चाललो हा."

पुढे मीही त्याच दुकानात भाजायला जाऊ लागले. वर्षातले तेवढेच तीनेक महिने. मला हे काम आवडतं, कारण भाजणाऱ्या बाईशी कोणी बोलायला येत नाही. ठसक्याने सगळ्यांचे डोळे भरलेले, तोंडाला पदर. माझ्यासारख्या गप्प माणसाला ह्याहून चांगली जागा नाही. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मी दाराआड सरकते. देवाने मात्र माझ्या पोटी अशी मुलगी दिली की जिचं कामच बोलणं.

कालच्या त्या शिंकेने मला गेल्याच्या आदल्या वर्षीचे मसाल्याचे दिवस आठवले. तेव्हापासून तेच मनात घोळतंय.

रेवती, माझी मुलगी, रॅप करणाऱ्या मुलामुलींच्या मुलाखती घेते. रॅप म्हणजे ठेक्यावर भराभर बोलणं, एवढं मला कळतं. ती स्वतः रॅप करत नाही. करणाऱ्यांना समोर बसवते, बोलतं करते, आणि ते मोबाइलवर सगळ्यांना बघता येतं. असं करणारे पुष्कळ आहेत. कोणी गाण्यांची पारख करतो, कोणी बातम्या देतो, कोणी दोघांची भांडणं लावून देतो. हिप-हॉपचे मीडियावाले म्हणतात त्यांना. मला तेव्हा ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. रेवती दादरला एका मैत्रिणीच्या ओळखीने स्टुडिओत जाते, कानाला मोठं यंत्र लावते आणि रात्री भूक लागली म्हणत घरी येते, एवढंच माहीत होतं.

त्या वर्षी एक दिवस ती माझ्यासोबत मेथी निवडत बसली होती. म्हणाली, "आई, आमच्यात पण नंबर लावणार आहेत."

"कसले?"

"एका वेबसाइटची यादी येणार आहे. हिप-हॉपवर बोलणाऱ्यांत कोणाचा प्रभाव जास्त. म्हणजे कोणाच्या बोलण्याने फरक पडतो."

"तो मोजतात कसा?"

मला खरंच समजून घ्यायचं होतं. तिने मेथीची काडी हातात धरून सांगितलं. किती जणांनी बघितलं. किती वेळ बघितलं, की मध्येच सोडून गेले. किती जणांनी दुसऱ्याला पाठवलं. तू पुढे आणलेला नवीन रॅपर नंतर मोठा झाला का. तू चांगलं म्हटलेलं गाणं लोकांनी ऐकलं का. आणि दोघांचं भांडण लावलंस तर ते किती दिवस चाललं.

"भांडणाला पण मार्क?" मी विचारलं.

"सगळ्यात जास्त त्यालाच."

हे कोपऱ्यात दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, "मग आपल्या नळावरच्या बायका पहिल्या आल्या असत्या."

रेवती हसली, पण तिचं लक्ष हसण्यात नव्हतं. ह्या यादीवर तिचं पुष्कळ काही अडलं होतं. मैत्रिणीच्या ओळखीवर मिळालेला दादरचा स्टुडिओ आता सोडावा लागणार होता; यादीत नाव आलं तर एक कंपनी तोच तिला वर्षभर देणार होती. शिवाय परळच्या एका ऑफिसातून तिला नोकरीचं बोलावणं आलं होतं आणि हे रोज त्याबद्दल विचारत होते. ह्यांना तिचं वाईट व्हावं असं वाटत नव्हतं. ह्यांच्या वडिलांची गिरणी बंद पडल्यावर घरात काय झालं ते ह्यांनी लहानपणी बघितलेलं. शेवटी त्या दोघांत ठरलं. यादीत आली तर ती म्हणेल तसं. नाही आली तर नोकरी, आणि माइकवरचं बोलणं बंद.

"बंद म्हणजे एकदम?" मी रात्री तिला विचारलं.

"जागाच नसेल तर कुठे बोलू, आई?" तिने जमिनीवर थाप मारली. खाली डंक चालू होता; कमीजास्त तो वर्षभर चालतोच. उत्तर त्यानेच दिलं.

ही गोष्ट मालनताईंना समजली आणि सगळ्या चाळीची झाली. मालनताई आमच्या शेजारी राहतात. बायकांचं भजनी मंडळ त्याच चालवतात. त्यांचा आवाज असा की त्यांनी गॅलरीत साद घातली की तिसऱ्या मजल्यावरचं मूल दूध संपवतं. गच्चीवर देठं खुडताना त्या म्हणाल्या, "सुमन, माका ता रॅपबिप काय कळना नाय. पण रांग कळता."

आमच्या भागात माणसाची, देवाची, सगळ्यांची किंमत रांगेवरून होते हे खरंच आहे. आमच्या चाळीचा गणपती अगदी लहान. काही वर्षांपूर्वी दर्शनाला कोणी फिरकत नव्हतं. तेव्हा मालनताईंनी युक्ती काढली. आम्ही चाळीतल्याच बायका, मुलं, म्हातारी माणसं चांगले कपडे घालून मंडपाबाहेर रांगेत उभी राहायचो. दर्शन घ्यायचं, मागच्या जिन्याने घरी जायचं, पुन्हा पुढून रांगेत. रस्त्याने जाणाऱ्यांना वाटायचं, एवढी रांग आहे म्हणजे काहीतरी असणार. तेही उभे राहायचे. दोन-तीन वर्षांत खरी रांग लागायला लागली. आपला बाप्पा आपण वर आणला, ह्याचा मालनताईंना फार अभिमान.

"तसाच करायचा," त्या म्हणाल्या. "रेवाच्या रांगेत आपण उभ्या राहूया. घरात फोन काय कमी आहेत?"

दुसऱ्या दिवसापासून चाळीत नवीन रिवाज सुरू झाला. सकाळी देवाला दिवा लावला की फोन चार्जिंगला लावायचा आणि रेवतीची मुलाखत सुरू करायची. संपली की पुन्हा पहिल्यापासून. कोणाकडे बाळ झोपलेलं, कोणाकडे टीव्हीवर मालिका, म्हणून आवाज बंद. गणपती मंडळाने चाळीसाठी वायफाय घेतलेलं होतं, सगळे फोन त्यावरच. रेवतीला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून ती बाहेर पडली की मीही माझा फोन फळीवर उभा करायची.

पाणी भरायला गॅलरीतून जाताना प्रत्येक दारातून मला माझी मुलगी दिसायची. डब्यांच्या फळीवर, शिलाई मशीनवर, देव्हाऱ्याशेजारी. तोंड हलतंय, हात हलताहेत, मान वाकडी करून समोरच्याकडे बघतेय. घराघरात होती आणि कुठेच ऐकू येत नव्हती. मला तेव्हा ते बघून भरून यायचं. आपल्या लेकीसाठी एवढी माणसं एवढं करताहेत, ह्यापुढे दुसरं काही सुचायचं नाही.

मग एका दुपारी रेवती दादरहून अवेळी आली. चप्पल न काढता उंबऱ्यात उभी राहिली. "आई, फळीवर काय चाललंय?"

मी फोनकडे बघितलं. तिनेही बघितलं. मग ती गॅलरीत गेली आणि एकेका दारातून आत बघत शेवटपर्यंत चालत गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

झालं होतं असं. एकाच वायफायवरून, दिवसभर, आवाज बंद करून तीच तीच मुलाखत चाललेली बघून तिकडच्या यंत्राने ते बघणं खोटं ठरवलं. नुसते आमचे नाही, सोबतचे बरेच खरे आकडेही कापले. यादीवाल्यांनी तिला कळवलं की तुमचे बघणारे विकत घेतलेले दिसतात, तुमचं नाव आम्ही विचारातून काढतो. त्यांच्या जगात ह्यापेक्षा मोठी बदनामी नाही म्हणे.

मालनताई दारात आल्या होत्या. त्यांना नीट सांगितल्यावर आधी कळेचना. मग म्हणाल्या, "विकतचे? आम्ही काय भाड्याची माणसं?"

"तसं त्यांना वाटलं, काकी."

"मग सांग त्यांना, शेजारी आहेत म्हणून."

रेवतीने खरंच तसं लिहून पाठवलं. हे माझे शेजारी आहेत, त्यांनी प्रेमाने केलं. उत्तर सभ्य आलं. शेजारी असले तरी नियम तोच.

त्या संध्याकाळी ती गॅलरीत आली. बायका आपापल्या दारात उभ्या होत्या, शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. मला वाटलं आता ही रागवणार. ती म्हणाली, "काकी, तुम्ही माझ्यासाठी केलंत ते मला कळतं. पण ह्यापुढे आवाज लावून बघा. नाहीतर बघू नका." आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपली.

त्या रात्री ह्यांनी तिच्या अंगावर चादर घातली. एकही टोमणा मारला नाही. त्यांचे मला फार आभार मानावेसे वाटले होते, पण आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही.

आवाज लावून बघा म्हटल्यावर बायकांना बघणं भागच पडलं. न बघावं तर पोरीचा अपमान. पहिल्या दिवशी सगळ्या घरांतून एकदम शिव्या ऐकू आल्या, कारण पहिलाच रॅपर मोकळ्या तोंडाचा होता. मालनताईंनी देवघराचा पडदा ओढला आणि गॅलरीत येऊन मला म्हणाल्या, "असल्या पोरांसमोर बसता ती? आणि हसता पण?"

पण दुसरी मुलाखत कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या मुलाची होती. दीपेश त्याचं नाव. तो आईबद्दल बोलला, बोंबील वाळत घालताना तिच्या हाताला पडणाऱ्या चिरांबद्दल बोलला. बहिणीला बघायला आलेले लोक घराला वास येतो म्हणून पोहे न खाता उठले, ते त्याने सांगितलं. त्याने पहिलं रॅप त्या लोकांवर लिहिलं होतं. ते तो म्हणायला लागला तेव्हा आमच्या गॅलरीत कोणी नळ बंद केला, कोणी मिक्सर. मधल्या खोलीतली एक बाई पदराने डोळे पुसत म्हणाली, "मिरचीने येतंय." तेव्हा कढई थंड होती.

मी ती मुलाखत नीट ऐकली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, डंक सुरू व्हायच्या आधी, कढईशी, फोन मिठाच्या बरणीला टेकवून. दीपेश बहिणीबद्दल बोलता बोलता थांबला. मला वाटलं आता रेवती काहीतरी विचारेल. तिने काही विचारलं नाही. नुसतं "हं" म्हणाली आणि थांबली. किती वेळ फोन नुसता गप्प होता. मग तो मुलगा आपणहून पुढे बोलला, आणि खरी गोष्ट ती होती.

माझा हात कढईत थांबला. ते "हं" मला ओळखीचं होतं. शाळेत असताना रेवती रडत घरी यायची. कोणी चिडवलं, कोणी बाकावरून उठवलं. मला समजुतीचे शब्द कधी सुचले नाहीत. चौथीनंतर शाळा सुटली, तेव्हापासून माझ्याजवळ शब्द थोडेच आहेत. मी तिच्याजवळ बसायची आणि "हं" म्हणायची. ती बोलून बोलून मोकळी व्हायची. मला आयुष्यभर वाटायचं, दुसऱ्या आया पोरींना किती काय शिकवतात, माझ्याकडे द्यायला काही नाही. आणि इथे मच्छीमार नगरचा एक मुलगा माझ्या त्या गप्प बसण्यासमोर मोकळा झाला होता. धणे थोडे करपले त्या दिवशी. शेठना कळलं असावं, त्यांनी ते बाजूला काढले.

माणसाचा प्रभाव कसा मोजायचा ह्यावर त्या दिवसांत मी खूप विचार केला. यादीवाल्यांना मी नावं ठेवत नाही. त्यांना कुठेतरी सुरुवात करावी लागते, आणि आकडा सगळ्यांना सारखा दिसतो. पण गल्लीत आमच्या बघितलंय, ज्याच्या नावाने सगळे घाबरतात त्याचं नाव जास्त वेळा घेतलं जातं. म्हणून काही लोक त्याच्यासारखे वागायला लागत नाहीत. आणि माझ्या सासूबाई, ज्यांचं नाव आता कोणी घेत नाही, त्यांच्यासारखं वाटण रगडताना मी अजून मनगट वळवते. हे कोणाच्या मोजणीत बसेल?

यादी आली. पहिलं नाव भांडणं लावणाऱ्याचं होतं. आमच्या रेवतीचं कुठेच नव्हतं. दादरचा स्टुडिओ दुसऱ्या कोणाला गेला. ठरल्याप्रमाणे ती परळच्या ऑफिसात जाऊ लागली. ह्यांनी पहिल्या दिवशी तिच्यासाठी नवा डबा आणला होता. तिने तो आनंदाने घेतला, आणि माइक पिशवीत घालून माळ्यावर ठेवला.

थोडे दिवस गेले. एका संध्याकाळी मालनताई दारात आल्या. "पुढचा कधी?"

"काय, काकी?"

"तुझा तो. मुलाखत."

"नाही आता. यादी झाली ना. आता कोणी मोजत नाही."

"मोजूक कोण बसलाहा?" मालनताई चिडल्या. "त्या दीपेशाच्या बहिणीचं जमलं की नाही, एवढं तरी सांगशील? आम्ही बायका रोज बोलतो त्यावर."

रेवतीने हातातला डबा खाली ठेवला. मग कितीतरी दिवसांनी पहिल्यांदा तोंडभर हसली. "जमलं, काकी. भाऊच्या धक्क्यावरचा मुलगा आहे."

"पोहे खाल्ले त्यांनी?"

"दोनदा घेतले."

"मग हे सगळ्यांना सांगायला नको?"

"जागा कुठाय?" रेवतीने पाय आपटला. पायाखाली डंक धडधडत होता. "अँटॉप हिलची एक मुलगी आहे, शबनम. फार चांगलं लिहिते. तिला मोठ्या लोकांनी बोलावलं, ती गेली नाही. म्हणते, पहिल्यांदा बोलीन तर तुमच्याकडे. रविवारी भेटायला येतेय. आता तिला काय सांगू, ह्या आवाजात बस?"

रविवारी शबनम आली. सरकारी क्वार्टर्समध्ये वाढलेली, बारीक चणीची, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणारी. घरी क्लासला जाते सांगून आली होती. मी तिला सरबत दिलं. ती "थँक्यू, काकी" म्हणाली आणि जमिनीच्या हादऱ्याने सरबत हललेलं बघून गोंधळली. रेवतीने माळ्यावरून माइक काढला होता, पण नुसता दाखवायला. दोघी एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होत्या. शबनमने एक वाक्य दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा "जाने दो, दीदी" म्हणाली आणि पर्स खांद्याला लावली.

ती पर्स बघून माझे पाय आपोआप जिन्याकडे वळले. खाली रविवारची रांग होती. दादर, गिरगाव, कुठून कुठून आलेल्या बायका, हातात भाजलेल्या मिरच्यांच्या पिशव्या. शेठ स्विचजवळ स्टुलावर बसलेले. इतक्या वर्षांत मी त्यांच्याकडे कधी रजासुद्धा मागितली नव्हती.

"शेठ, जरा बंद करता?"

"काय?"

"डंक."

ते ताडकन उठले. "काय झालं? करंट लागला कोणाला?"

"नाही. वर रेवा... तिला बोलायचंय. एक मुलगी आलीय."

शेठनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग रांगेकडे. "वहिनी, माझ्या लग्नाच्या दिवशी पण हा चालू होता."

मी वर आमच्या खिडकीकडे बोट केलं. आणि तशीच उभी राहिले. ते म्हणाले, "तुम्ही पहिल्यांदा काहीतरी मागताय," आणि हात लांब करून स्विच खाली केला.

मुसळं एकेक करून खाली आली आणि तिथेच राहिली. कानांत नुसतं सुंईं झालं. मग कुठला तरी कावळा, कोणाच्या तरी बांगड्या, शेजारच्या दुकानातली पावती फाडल्याची टर्र, असे आवाज हळूहळू यायला लागले.

"काय हो, लाइट गेली?" रांगेतल्या पहिल्या बाईंनी विचारलं. दादरच्या होत्या, सुती साडी, केसांत एकच पिन.

"नाही," मालनताई जिन्यातून उतरत म्हणाल्या. "वर मुलगी बोलतेय."

"कोण मुलगी?"

"आमची."

"मिरच्या मऊ पडतील हो. कडक भाजून आणल्यात."

"पडूदेत. मी परत भाजून देते," मी म्हणाले. माझा आवाज रांगेच्या शेवटापर्यंत गेला असावा, कारण सगळ्यांनी वळून बघितलं. मी पदर तोंडाला लावला.

वरच्या खिडकीतून रेवतीचा आवाज आला, अगदी स्वच्छ. "शबनम, तुझं पहिलं रॅप तू कोणाला ऐकवलंस?"

उत्तर आलं नाही. मग रेवतीचं "हं" ऐकू आलं. पुन्हा काही नाही. दादरच्या बाईंनी पिशवीचं तोंड घट्ट बांधून ती जमिनीवर ठेवली आणि मान वर केली. त्यांच्या मागच्या बाईने केली, तिच्या मागच्या बाईने केली. शेठचा हात स्विचवर होता, पण तेही वरच बघत होते. कोणी कोणाला गप्प राहा म्हणालं नाही. सगळी रांग त्या न बघितलेल्या मुलीच्या उत्तरासाठी थांबली होती.

"किसी को नहीं, दीदी," वरून बारीक आवाज आला. "आज पहली बार."

आणि ती बोलू लागली.